उष्णतेने कॅन्सरच्या पेशी मरतात, मग गरम नारळपाण्याने का नाही?

वाचकहो, सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करू या. उष्णतेने कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरे आहे. ही अफवा नाही, घरगुती समजूत नाही. प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा सिद्ध झालेली ही गोष्ट आहे आणि काही मोजक्या रुग्णालयांत तिचा उपचार म्हणून वापरही होतो. आज हे लिहायचे कारण असे की या एका खऱ्या वाक्याच्या पाठीवर बसून बऱ्याच खोट्या गोष्टी घरोघरी पोहोचतात.

२०१९ मध्ये व्हॉट्सअॅपवर फिरलेला निरोप तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. नारळाचे दोन-तीन तुकडे कपात टाकायचे, वर गरम पाणी ओतायचे आणि रोज प्यायचे. हे 'गरम नारळपाणी' फक्त कॅन्सरच्या पेशी मारते आणि चांगल्या पेशींना हातही लावत नाही, असा दावा होता. खाली टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे तेव्हाचे प्रमुख डॉ. राजेंद्र बडवे यांचे नाव चिकटवलेले. हॉस्पिटलला जाहीर खुलासा करावा लागला की हे आमचे म्हणणे नाही, यावर विश्वास ठेवू नका. तरी तो निरोप मेला नाही. कधी नारळाच्या जागी अननस येतो, कधी लिंबू. 'गरम' हा शब्द मात्र कायम राहतो.

माझे मत असे की आम्ही डॉक्टर मंडळी 'फेक आहे, पुढे पाठवू नका' एवढे सांगून थांबतो, आणि तिथेच गाडी अडते. कारण समोरचा माणूस लगेच विचारतो, "पण डॉक्टर, मोठ्या हॉस्पिटलात पोटात गरम केमो सोडतात ना? लिव्हरची गाठ जाळतात ना? मग उष्णता चालतेच की!" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. ते उत्तर समजायला पेशीच्या आत थोडे डोकवावे लागेल. अवघड नाही, सोबत या.

विरजणाचे दूध

घरी दही लावणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे. दूध कोमट असेल तर विरजण छान लागते, म्हणजे दह्यातले जिवाणू भराभर वाढतात. दूध गार असेल तर ते सुस्तावतात. आणि घाईत कडकडीत दुधात विरजण घातले तर सकाळी दही लागलेलेच नसते. जिवाणू तेच, दूध तेच. कोमट आणि कडकडीत यांच्यामधल्या काही अंशांनी 'वाढ' आणि 'मृत्यू' हा फरक केला.

आपल्या पेशींचे गणित याहून नाजूक आहे. ३७ अंश सेल्सिअसला त्या मजेत असतात. ३९-४० अंशांना ताण येतो, पण बहुतेक पेशी तो सोसतात. ४१ च्या पुढे आतली प्रथिने आपला आकार सोडू लागतात. प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेला लांब धागा आणि घडी बरोबर असेल तरच ते काम करते. उष्णतेने घडी मोडते, मोडलेले धागे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. अंड्यातला पारदर्शक भाग तव्यावर पांढरा होतो ते याच प्रक्रियेचे टोकाचे रूप.

आता विभाजनाकडे वळू. पेशी एकाची दोन होण्याआधी काही टप्प्यांतून जाते. आधी ती वाढते. मग आपल्या डीएनएची संपूर्ण नक्कल करते, या टप्प्याला एस फेज म्हणतात. मग थोडी उजळणी, आणि शेवटी प्रत्यक्ष विभागणी म्हणजे एम फेज, ज्यात गुणसूत्रे दोन्ही बाजूंना ओढून नेणारे बारीक तंतू तयार होतात. उष्णतेचा सगळ्यांत जास्त फटका याच दोन टप्प्यांना बसतो. नक्कल चालू असताना तापमान वाढले तर केंद्रकातली प्रथिने गोळा होऊन कामात अडथळा आणतात, नक्कल अर्धवट राहते आणि गुणसूत्रे तुटतात. विभागणी चालू असताना वाढले तर ते तंतूच विस्कटतात. गुणसूत्रे तयार, पण ओढायला दोऱ्याच नाहीत! मग पेशी दुभंगतच नाही, किंवा एकाच पेशीत दोन-तीन केंद्रके घेऊन भरकटते आणि काही काळाने मरते.

मरण्याच्याही तऱ्हा आहेत. ४१ ते ४३ अंशांच्या आसपास पेशी बऱ्याचदा लगेच मरत नाही. नुकसान पाहून ती स्वतःच आवरते घेते, आतली यंत्रणा शिस्तीत मोडून लहान लहान पुडक्या करते आणि शेजारच्या पेशी त्या उचलून नेतात. याला अपॉप्टोसिस म्हणजे नियोजित पेशीमृत्यू म्हणतात आणि त्याला काही तासांपासून एक-दोन दिवसही लागतात. तापमान आणखी वाढले की शिस्त संपते. पेशीचे आवरण फाटते, आतले सगळे बाहेर सांडते, आजूबाजूला सूज येते. हा नेक्रोसिस. आणि ६० अंशांना तर विचार करायलाही वेळ नसतो, प्रथिने तिथल्या तिथे गोठतात. लिव्हरची गाठ सुईने 'जाळतात' ती अशी. त्या उपचारात सुईच्या टोकाजवळ ६० ते १०० अंश तापमान नेले जाते, पण फक्त सुईभोवतीच्या काही सेंटिमीटरच्या गोळ्यात.

उष्णतेचाही डोस असतो

तापाच्या गोळीचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो हे आपल्याला पटते. उष्णतेचाही डोस असतो, हे मात्र कुणी सांगत नाही. तो डोस म्हणजे किती अंश आणि किती मिनिटे. १९८४ मध्ये सापारेटो आणि ड्यूई या दोन संशोधकांनी याचा हिशेब मांडला, तो आजही वापरतात. ४३ अंशांना ६० मिनिटे, हा आपला मोजमापाचा आधार धरा. तापमान एक अंशाने वाढवून ४४ केले, तर तेवढ्याच परिणामाला ३० मिनिटे पुरतात. ४५ ला १५ मिनिटे. पण उलट्या दिशेने गेलो तर? ४२ ला चार तास लागतात. ४१ ला सोळा तास. ४० ला चौसष्ट तास, म्हणजे अडीच दिवसांहून जास्त! ४३ च्या खाली प्रत्येक अंशाला वेळ चौपट होत जातो.

आता गरम नारळपाण्याचा कप घ्या. घोट तोंडात गेला, घशातून उतरला, जठरात पोहोचेपर्यंत निवू लागला आणि काही मिनिटांत शरीराच्या तापमानाला आला. जठरातून रक्तात जाते ते पाणी, उष्णता नव्हे. रक्ताचे तापमान ३७ अंशांवर धरून ठेवण्यासाठी मेंदूपासून घामाच्या ग्रंथींपर्यंत अख्खी यंत्रणा राबत असते. तुमच्या कपामुळे स्तनातल्या किंवा फुफ्फुसातल्या गाठीचे तापमान अर्ध्या अंशानेही हलत नाही. डोस शून्य.

उलट एक गंमत बघा, अर्थात कडवट गंमत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून जास्त गरम पेये ही 'कॅन्सरला बहुधा कारणीभूत' अशा गटात टाकली, अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी. पेय कोणते याला महत्त्व नाही, कढत असण्याला आहे. कारण वर सांगितलेल्या गोष्टीशी जोडलेले आहे. रोज रोज भाजून अस्तराच्या पेशी मरत राहिल्या की त्यांची जागा भरायला खालच्या पेशींना पुन्हा पुन्हा विभाजन करावे लागते, आणि जितकी विभाजने जास्त तितकी नक्कल चुकण्याची संधी जास्त. काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात. वर्षानुवर्षे तिची धग लागलेल्या पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरला वैद्यकाच्या पुस्तकांत 'कांगडी कॅन्सर' असेच नाव आहे. म्हणजे उष्णता पेशी मारते हे खरे, आणि तीच उष्णता चुकीच्या डोसमध्ये वर्षानुवर्षे दिली तर कॅन्सर घडवूही शकते हेही खरे. (चहा पिणाऱ्यांनी घाबरू नये. बशीत ओतून पिण्याची आपल्या आजोबांची पद्धत या बाबतीत शहाणपणाचीच होती.)

मग ताप किंवा सौना?

पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नारळपाण्याने नाही, पण ताप आला तर? स्टीम बाथ घेतला तर? अख्खे शरीरच ४२ अंशांना नेले तर?

याचे उत्तर आपल्या नवी मुंबईने फार दुःखद पद्धतीने पाहिले आहे. सानपाड्याहून पनवेलकडे जाणारी लोकल पकडली की पाचवे स्टेशन खारघर. १६ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे भर उन्हात तासन् तास बसली. तापमापकाचा पारा ३८ अंशांच्या आसपास होता, म्हणजे विदर्भाच्या मानाने काहीच नाही. पण आपल्याकडची हवा दमट. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर गार होत नाही. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला.

उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूचे काम बिघडते. माणूस बरळतो, बेशुद्ध होतो. आतड्यांच्या अस्तराच्या, रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराच्या आणि लहान मेंदूतल्या पेशी नुकसान पावतात. कॅन्सरच्या पेशींबद्दल वर जे वर्णन केले, प्रथिने विस्कटणे, आवरण फाटणे, तेच सगळे इथे निरोगी माणसाच्या निरोगी पेशींत होते. माणूस आतून ४१.६ ते ४२ अंश तापमान किती वेळ सहन करू शकतो याचा अंदाज वैद्यकशास्त्राने मांडला आहे. तो पाऊण तास ते आठ तास इतकाच आहे. आता वरचा हिशेब पुन्हा आठवा. ४२ अंशांना आपल्याला हवे होते चार तास. म्हणजे अख्खे शरीर तापवून कॅन्सर मारायचा तर रुग्ण आणि कॅन्सर जवळजवळ बरोबरीने संपण्याची भीती.

म्हणून 'फक्त कॅन्सरच्या पेशी मारते, चांगल्यांना हात लावत नाही' हे वाक्य ऐकले की सावध व्हा. पेशीला कॅन्सर झाला म्हणून ती लोण्याची होत नाही. ताटलीत, म्हणजे प्रयोगशाळेच्या काचपात्रात, ४३ अंशांना निरोगी पेशीही मरतात. प्रत्यक्ष शरीरात गाठ थोडी जास्त हळवी असते याचे कारण तिची वस्ती. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या असतात. तिथे प्राणवायू कमी, आम्लता जास्त, आणि आलेली उष्णता वाहून नेणारा रक्तप्रवाह तोकडा. निरोगी भागात रक्त धावत येऊन उष्णता घेऊन जाते, गाठीत ती साचून राहते. फायदा आहे, पण अरुंद आहे, एक-दोन अंशांचा.

त्यात पेशी गप्पही बसत नाहीत. १९६२ मध्ये फेरुच्चिओ रिटोसा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाश्यांच्या गुणसूत्रांवर अचानक नवे फुगवटे दिसले. शोध घेतल्यावर कळले की कुणीतरी माश्या ठेवलेल्या पेटीचे तापमान वाढवले होते. एका नामांकित नियतकालिकाने हा शोधनिबंध नाकारला होता! पुढे त्या फुगवट्यांतून हीट शॉक प्रोटीनचा शोध लागला. ही प्रथिने उष्णतेने विस्कटलेल्या इतर प्रथिनांची घडी पुन्हा घालून देतात. म्हणजे पेशीला एकदा अर्धवट तापवले, मारले मात्र नाही, तर पुढचे एक-दोन दिवस ती उष्णतेला अधिक चिवट बनते. आणि कॅन्सरच्या पेशी मुळातच ही प्रथिने मोठ्या प्रमाणात बाळगून असतात. रोज थोडे थोडे शेकून शत्रूला कवायत शिकवण्यातला हा प्रकार आहे. हायपरथर्मियाचे खरे उपचार म्हणूनच रोज देत नाहीत, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा देतात.

खरा उपचार कसा दिसतो

उष्णतेची खरी ताकद एकटीने मारण्यात नाही, दुसऱ्याला मदत करण्यात आहे. हा मला या विषयातला सगळ्यांत सुंदर भाग वाटतो. रेडिएशनने पेशीचा डीएनए तुटतो. पण डीएनएची नक्कल चालू असलेल्या, एस फेजच्या शेवटाकडच्या पेशी रेडिएशनला सगळ्यांत कमी दाद देतात. प्राणवायू कमी असलेल्या पेशीही रेडिएशनला निर्ढावलेल्या असतात. आणि उष्णतेला सगळ्यांत हळव्या कोण? एस फेजमधल्या आणि त्या आम्ल, कोंदट भागातल्या पेशीच! एकाच्या हातून सुटलेले दुसऱ्याच्या तावडीत सापडतात. शिवाय ४१ ते ४२.५ अंशांची सौम्य उष्णता पेशीची डीएनए-दुरुस्ती बंद पाडते. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवले की या तापमानाला दुरुस्तीसाठी आवश्यक असलेले बीआरसीए-टू हे प्रथिनच नष्ट होऊ लागते.

त्याच देशात झालेल्या आणि २००० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पुढच्या टप्प्यातल्या स्त्रियांना फक्त रेडिएशन दिले, तेव्हा तीन वर्षांनी २७ टक्के हयात होत्या. रेडिएशनला उष्णतेची जोड दिली तेव्हा ५१ टक्के. आकडा जवळजवळ दुप्पट! पण पूर्ण चित्र पाहायचे तर २००५ मध्ये आलेला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने झालेला ११० रुग्णांचा अभ्यासही सांगायला हवा. त्यात उष्णतेच्या जोडीचा फायदा दिसला नाही. पोटात गरम केमो सोडण्याचेही तसेच. २०१८ च्या एका अभ्यासात अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी ४० अंशांचे गरम केमो दीड तास पोटात फिरवल्यावर रुग्ण साधारण वर्षभर अधिक जगले. पण आतड्याच्या कॅन्सरच्या एका फ्रेंच अभ्यासात ४३ अंशांना अर्धा तास वेगळे औषध फिरवून आयुष्य वाढले नाही. डोस, औषध, गाठीची जागा, तापमान खरोखर आत पोहोचले की नाही, या सगळ्यावर निकाल बदलतो.

हे दोन्ही बाजूंचे आकडे मी मुद्दाम दिले. कारण नारळपाण्याच्या निरोपाइतकाच मला दुसऱ्या टोकाचाही राग येतो. चकचकीत माहितीपत्रक, 'विनावेदना, विना दुष्परिणाम उष्णता उपचार', आणि खाली पॅकेजचा भाव. कुणी तुमच्या घरच्या रुग्णासाठी असा उपचार सुचवला, तर नम्रपणे पण स्पष्ट विचारा. गाठीच्या आतले तापमान तुम्ही मोजता का, आणि कशाने? किती अंश, किती मिनिटे? रेडिएशन किंवा केमो सोबत चालू राहणार की बंद करायला सांगताय? शेवटच्या प्रश्नाला 'बंद करा' असे उत्तर आले तर उठा आणि घरी या. मोजल्याशिवाय दिलेली उष्णता म्हणजे बाटलीवर लेबल नसलेले इंजेक्शन.

आणि आपला घरगुती शेक

आमच्या सानपाडा-तुर्भे पट्ट्यात एपीएमसी मार्केटमध्ये पाठीवर ओझी वाहणारे माथाडी कामगार खूप. त्यांच्या पाठीला गरम पिशवीचा शेक हा खरोखर उत्तम उपाय आहे. स्नायू सैल होतात, रक्तपुरवठा वाढतो, बरे वाटते. त्यात मी कधीच आडकाठी घालत नाही. पण शेकाची सवय मग सगळीकडे लागते. मानेतली गाठ शेकली जाते, स्तनातली गाठ हळद-तेलाचे गरम फडके लावून शेकली जाते, आणि कारण विचारले तर 'उष्णतेने गाठ विरघळते' असे सांगितले जाते.

शेकाने त्वचेखाली खोलवर तापमान जेमतेम थोडेसे वाढते. हे विरजणाचे कोमट दूध आहे, कडकडीत नव्हे. रक्तप्रवाह वाढतो, पेशी मरत नाहीत. फिजिओथेरपिस्टना शिकवलेला एक नियम तुम्हीही लक्षात ठेवा. कॅन्सर असलेल्या किंवा त्याची शंका असलेल्या भागावर खोल शेकाची यंत्रे लावायची नाहीत. निदान होण्याआधी गाठीवर शेक नको, तो एवढ्यासाठीच.

खरे नुकसान मात्र शेकाच्या तापमानात नसते, शेकण्यात गेलेल्या महिन्यांत असते. न दुखणारी गाठ असेल, तोंडात तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल (तंबाखू, मिश्री, गुटखा घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचा), पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला असेल, तर नारळाचे पाणी थंडच प्या, चवीला तेच चांगले लागते, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. नवी मुंबईकरांना तर परळपर्यंतही जायला नको. टाटा मेमोरियलचेच ॲक्ट्रेक हे केंद्र खारघरला आहे.

जाता जाता, या विषयावर मुंबईच्या आसपास चांगले संशोधनही होते. पवईची आयआयटी आणि ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र इथे लोहाच्या अतिसूक्ष्म चुंबकीय कणांवर काम झाले आहे. हे कण गाठीत सोडायचे आणि बाहेरून बदलते चुंबकीय क्षेत्र देऊन फक्त तेवढाच भाग तापवायचा, ही कल्पना. पेशींवरचे प्रयोग उत्साह वाढवणारे आहेत. त्यामुळे उद्या पेपरात 'चुंबकाने कॅन्सर जाळला' असा मथळा आला तर बातमी नक्की वाचा आणि तिच्यात एकच गोष्ट शोधा, जाळला तो काचपात्रात, उंदरात की माणसात, आणि माणसात असेल तर किती जणांमध्ये.